मॅच थांबवून दाखवलेलं लग्न

अकोल्याच्या आमच्या भाड्याच्या खोलीतून आम्ही क्रिकेटच्या मॅच इंटरनेटवर दाखवायचो. आम्ही म्हणजे खरं तर माझा मित्र. मी अमरावतीला पदवी घेतली आणि अकोल्यात एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायला लागलो. तो माझ्याच वर्गातला. खोली त्यानंच शोधून दिली, पहिल्या महिन्यात जेवायचा डबाही त्याच्याच ओळखीनं लागला. त्याच्या वडिलांचं बार्शीटाकळीला टीव्ही-रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. उघड्या टीव्हीच्या पोटात हात घालायला तो अक्षरं गिरवायच्या आधी शिकला असावा.

खाली राहणाऱ्या घरमालकांच्या केबलचा एक फाटा आमच्या खोलीत आला होता. टीव्ही आमच्याकडे नव्हता. मित्रानं कॉम्प्युटरमध्ये टीव्ही ट्यूनर कार्ड बसवलं होतं, ती वायर त्या कार्डात जायची आणि चॅनल कॉम्प्युटरच्या पडद्यावर दिसायचं. तिथून पुढे ते इंटरनेटवर सोडायचं. परदेशातली एक फुकट वेबसाइट होती, तिच्यावर कुणालाही स्वतःचं चॅनल उघडता यायचं. भारताची मॅच असली की आमच्या चॅनलवर आखातातले, इंग्लंड-अमेरिकेतले लोक यायचे. चित्र फाटकं असायचं, मधेच थांबायचं, आणि आमच्याकडे चौकार गेला की तिकडे तो मिनिट-दीड मिनिटानं जायचा. तरी लोक यायचे, कारण त्यांच्या मुलखात ते चॅनल एक तर दिसत नसे किंवा परवडत नसे.

हे कायद्यात बसत नाही हे आम्हाला ठाऊक होतं. प्रक्षेपणाचे हक्क ज्या कंपनीनं घेतलेले असत तिची तक्रार गेली की आमचं चॅनल काळं पडायचं आणि त्यावर इंग्रजीत नोटीस यायची. मित्र दुसऱ्या नावानं नवं चॅनल उघडायचा. संध्याकाळपर्यंत जुने लोक शोधत शोधत तिथे हजर. मला मात्र धास्ती वाटायची. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. पोलीस क्लासवर आले तर आईला गावात काय तोंड दाखवायचं, असं मनात यायचं. मित्र हसायचा. “अबे, केबलवालाच कोठी सगळ्या चॅनलचे पैसे भरते? अर्धे तं तो बी चोरून दाखवते. आपुन चोराच्या घरून उसनं आणलं.”

त्याला यातून एक पैसा मिळत नव्हता. मिळायचं ते एवढंच, की त्या वेबसाइटच्या पहिल्या पानावर सर्वांत जास्त पाहिल्या जाणाऱ्या चॅनलची नावं यायची आणि त्यात कधी कधी त्याचं चॅनल असायचं. आमच्या खोलीला धड खिडकी नव्हती, आणि त्याचं नाव त्या पानावर असायचं. त्या पानाचे त्यानं फोटो काढून ठेवले होते. मी त्याला त्यावरून चिडवायचो, पण मलाही त्याचा अभिमान होता.

माझं काम चॅटचं. चित्राशेजारी एक चौकोन असायचा, त्यात बघणारे लिहायचे. आवाज नाही, चित्र अडकलं, स्कोअर सांगा. इंग्रजीत उत्तरं द्यायची असली की मित्र कीबोर्ड माझ्याकडे सरकवायचा. गावच्या शाळेत आमच्या इंग्रजीच्या सरांनी रविवारीसुद्धा बोलावून आमच्याकडून वाक्यं लिहून घेतली, त्याचा असा उपयोग होईल हे त्यांना स्वप्नातही वाटलं नसेल.

एकदा त्या चौकोनात इंग्रजी अक्षरांत मराठी ओळ आली. “भाऊ आवाज नाई येऊन राहिला.” मित्र खुर्चीतून उठलाच.

“अबे, हा तं आपल्याकडचा आहे! विचार, कोठचा?”

मी विचारलं. उत्तर आलं, अमरावती जिल्ह्यातल्या धामणगाव रेल्वे गावाच्या बाजूचे. मस्कतला एअर कंडिशनर बसवायच्या कामावर होते. आमच्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठे, म्हणून आम्ही त्यांना भाऊच म्हणू लागलो. कामगारांच्या कॅम्पमध्ये एकाकडे लॅपटॉप होता, त्याच्याभोवती आठ-दहा जण बसून आमची मॅच बघायचे. पुढे प्रत्येक मॅचला भाऊ असायचे. स्कोअरपेक्षा जास्त विचारपूस करायचे, अकोल्यात ऊन किती, सोयाबीन निघालं का, गाड्या वेळेवर येतात का. मॅच कंटाळवाणी असली की आम्ही तिघंच गप्पा मारत असू आणि बाकीचे बघणारे चिडायचे.

मार्चच्या सुमाराला एक दिवस भाऊंनी मॅच सुरू व्हायच्या आधीच लिहिलं. बहिणीचं लग्न होतं. आधी ते मे महिन्यात ठरलं होतं आणि भाऊंनी सुट्टी त्या हिशेबानं मागितली होती. पण मुलाकडच्या लोकांनी अकोल्याच्या एका सामुदायिक विवाह सोहळ्यात नाव नोंदवलं. मुलगा बाळापूरकडचा. सोहळ्याची तारीख पाहुण्या पुढाऱ्याच्या सोयीनं ठरलेली, ती अलीकडे आली. मुलीच्या वडिलांनीही होकार दिला. त्या वर्षांत आमच्याकडे असे सोहळे जागोजागी होत. पिकांची हालत कुणाला सांगायला नको होती, आणि मांडव, जेवण, साडी, भांडी सगळं आयोजकांकडून व्हायचं. दिल्ली-मुंबईचे कॅमेरे तेव्हा वऱ्हाडात यायचे ते कुण्या शेतकऱ्याच्या घरी मयत झाली की. लग्नं दाखवायला आमचा केबलवाला होता. गावातल्या कार्यक्रमांसाठी त्याचं स्वतःचं एक चॅनल होतं आणि असा सोहळा तो मैदानावरून थेट दाखवायचा.

भाऊंचा पासपोर्ट कंपनीकडे होता आणि सुट्टी बदलून मिळाली नाही. बहीण त्यामुळे रुसली होती. फोनवर यायची नाही. तिला वाटायचं, हा कारणं सांगतो. शिवाय कानपिळीचा प्रश्न होता. लग्नात नवरीच्या भावानं नवरदेवाचा कान पिळायचा, माझ्या बहिणीला नीट वागव असं बजावायचं, ही आपली रीत. भाऊ एकटेच. वडिलांनी सांगितलं, चुलत भाऊ पिळेल. बहीण म्हणाली, सख्खा भाऊ असून उसना काहून आनाचा? माह्या लग्नात कोनीच कान पिळनार नाई.

“तुमच्या केबलवर लाइव्ह दाखवतेत म्हणे,” भाऊंनी लिहिलं. “मले लगीन पाहू द्या.”

मित्रानं केबलवाल्याकडे चौकशी केली. खरंच दाखवणार होते. दिवस शुक्रवार, म्हणजे भाऊंना सुट्टी. आणि त्याच दुपारी मॅच.

आमच्याकडे कार्ड एकच. एका वेळी एकच चॅनल जायचं. ती मॅच मोठी होती. आधीच्या मॅचला चॅनल पहिल्या पानावर गेलं होतं, आणि या वेळी सर्वांत वर जाईल असा त्याचा अंदाज होता.

“एका माणसासाठी मॅच बंद करू?” तो म्हणाला.

“एक नाही. कॅम्पवर आठ-दहा जण आहेत.”

“आठ-दहा काय अन् एक काय! इकडं हजारो राहतेत.”

“त्यायले दुसरं चॅनल सापडन. भाऊले ते लग्न दुसरीकडं कोठी सापडणार आहे?”

त्यानं टेबलावरचा स्क्रूड्रायव्हर उचलला आणि परत ठेवला. “पाच मिनिटं. मंगलाष्टकं लागले का टाकतो, अक्षता पडल्या का काढतो. त्याच्यावर एक सेकंद नाई.”

मंगलाष्टकं कधी लागतात हे कळवायला मी मैदानावर जायचं ठरलं. मिस्ड कॉल द्यायचा, की तो चॅनल बदलणार. भाऊंना हे सांगितलं तर त्यांनी लिहिलं, “तुमी जाऊनच राहिले ना? मंग कान बी तुमीच पिळजा. माह्या नावानं.” मी विचारलं, बहीण पिळू देईल का? “तिले सांगजा, मी पाहून राहिलो.” त्यांनी बहिणीच्या जोडप्याचा सोहळ्यातला नोंदणी नंबर दिला. तो त्यांच्या वडिलांनी फोनवर कळवला होता.

क्लासमधून अर्ध्या दिवसाची रजा घेऊन मी सायकलनं मैदानावर गेलो. एवढ्या नवऱ्या मी एका ठिकाणी कधी पाहिल्या नव्हत्या. सगळ्यांना आयोजकांनी दिलेल्या एकसारख्या पिवळ्या साड्या, पदर नाकापर्यंत, वर मुंडावळ्या. नवरदेवांना एकसारखे गुलाबी फेटे. जोडप्यांच्या ओळी लावलेल्या, प्रत्येक जोडीमागे खुर्चीला पुठ्ठ्याचा नंबर बांधलेला. आजूबाजूला नातेवाईक, पाण्याचे ड्रम, धूळ. मधोमध लाकडी माचावर केबलवाल्याचा कॅमेरा. कॅमेऱ्यामागे मेंदी लावलेल्या दाढीचे एक चाचा. त्यांचा कॅमेरा स्टेजकडे लावलेला होता.

भटजींनी माइक हातात घेतला, घसा साफ केला. मी मिस्ड कॉल दिला.

तेवढ्यात मैदानाच्या तोंडाशी गाड्या आल्या. पुढारी आले. भटजींनी माइक खाली ठेवला, सूत्रसंचालकानं तो उचलला, आणि सत्कार सुरू झाले.

फोन वाजला. मित्र ओरडत होता. “अबे, लगीन आहे का सभा? मॅच काढून टाकली म्या! इकडं लोकं आईवरून शिव्या देऊन राहिले!”

“थांब जरासा. आत्ता सुरू होते.”

“काय आत्ता! पाहणारे अर्धे पळाले. भाऊ विचारून राहिले, माही बहीण कोठी आहे? त्यायले नुसता हार घातलेला गळा दिसून राहिला.” मग आवाज थोडा उतरला. “खाली घरमालक ओरडले. विकेट गेली वाटते. मले बी नाई दिसली.”

“मग परत मॅच टाक. मी पुन्हा मिस्ड कॉल देतो.”

“नाई आता. मधातच मंगलाष्टकं लागले तं? राहू दे.” आणि त्यानं फोन ठेवला.

भाषणं लांबली. मी माचाजवळ गेलो आणि चाचांना हाक मारली. कॅमेरा जरा ओळींकडे वळवता का, असं विचारलं.

“किसलिए?” त्यांनी डोळा कॅमेऱ्यालाच लावून ठेवला. “स्टेज छोड़ा तो मालिक मेरेकू छोड़ेगा नहीं.”

मी सांगितलं, एका नवरीचा भाऊ मस्कतला आहे. त्याला लग्न बघायचं आहे.

“मस्कत?” आता त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “मस्कत में दिखता ये?”

“हो चाचा. आत्ता दिसून राहिलं.”

“कैसा?”

मी जमेल तसं समजावलं. वायर, कॉम्प्युटर, इंटरनेट. त्यांनी पान एका गालातून दुसऱ्या गालात नेलं. “मतलब हमारे मालिक का चैनल मस्कत में चल रहा. मालिक को मालूम है?”

“नाही.”

चाचा इतके हसले की माच हलला. “तो फिर ठीक है. मेरा छोटा बेटा उधर सऊदी में है, दम्माम में. दो ईद हो गई, नहीं आया.” मग कॅमेऱ्याकडे वळत म्हणाले, “अक्षता के टाइम घुमाता मैं. नंबर बोल.”

मी नंबर सांगितला.

शेवटी एकदाची मंगलाष्टकं झाली. सगळ्या मैदानावर एकदम अक्षता उडाल्या, बँड वाजला, आणि माइकवरून आयोजकांनी घोषणा केली की नवरीच्या भावांनी पुढे यावं, कानपिळी उरकून घ्यावी, वेळ कमी आहे. सगळीकडून भाऊ धावले. मी माझा नंबर शोधत ओळीत शिरलो. पुठ्ठा दिसला. नवरदेव मान खाली घालून बसला होता, नवरी पदरात. मी चाचांकडे पाहिलं. कॅमेरा खरंच माझ्याकडे वळला होता. मी नवरदेवाचा कान धरला आणि चांगला पिळला.

“ओ! ओ! कोन तुमी?” मागून एक दणकट गडी आला. “माह्या जवायाचा कान काहून धरला?”

“मी भावाच्या जागी...”

“भाऊ तं मी आहो!”

नवरदेवानं मान वर केली. कान लाल झाला होता, पण तो हसत होता. “पिळू द्या ना. दोन-दोन साले भेटले मले. बाकीच्यायले एक-एकच आहे.”

आजूबाजूचे सगळे हसले. मी घाईनं कान सोडला. तो गडी भला माणूस होता. मी नंबर दाखवला तर म्हणाला, “अहो, सकायी काही जोड्या आल्याच नाईत. पुढच्या खुर्च्या रिकाम्या दिसाले नको म्हणून सगळ्यायले पुढं सरकोलं. नंबर तिथंच राह्यले. तुमची जोडी समोर पाहा.”

खिशात फोन वाजत होता. उचलला तर मित्राचा आवाज. “अबे, तो जवाई नाई! भाऊ बोंबलून राहिले, माह्या बहिणीच्या हातावर गोंदण आहे म्हणते, हे कोन बाई?” म्हणजे माझी चूक मस्कतला आत्ता कुठे पोचली होती. मी चाचांना कॅमेरा पुढे घ्यायची खूण केली आणि फोन कानाला तसाच लावून पुढच्या ओळीत गेलो.

तिथे एका जोडीजवळ कुणी नव्हतं. नवरदेव दोन्ही हात मांडीवर ठेवून आजूबाजूच्यांच्या कानपिळ्या बघत होता. नवरीच्या मनगटावर गोंदण होतं. मागे डोक्याला टॉवेल बांधलेले एक म्हातारे गृहस्थ उभे होते. ते भाऊंचे वडील असणार.

मी वाकून म्हणालो, “ताई, तुमच्या भावानं पाठवलं मला. कान पिळायला.”

पदराआडून आवाज आला, “माहा भाऊ मस्कतले आहे.”

“हो. पण ते पाहून राहिले. आत्ता. तो कॅमेरा आहे ना, त्याच्यातून.”

“सगळे असंच सांगतेत.” तिनं मान हलवली. “बाबा बी सकायपासून म्हणतेत, भाऊ फोनवर आहे, भाऊ फोनवर आहे. कानाले लावला का कट. मले नाई कोनाची कानपिळी पायजे.”

“पिळू दे ना वं पोरी,” वडील मागून म्हणाले. “लोकं थांबले.”

“थांबू द्या.”

मी गोंधळलो. काय पुरावा देणार? मग तिनंच पदर थोडा वर केला आणि माझ्या हातातल्या फोनकडे पाहिलं. “याच्यात कोन आहे?”

“माझा मित्र. त्याच्याजवळ तुमच्या भावाचं लिहिलेलं येते.”

“आना इकडं.” तिनं फोन घेऊन कानाला लावला. “अन् तुमी काही बोलू नका त्यायच्यासंग. पाहून राहिला ना तो? मंग सांगू दे त्याले, मी काय करून राहिली.”

आणि कॅमेऱ्याकडे तोंड करून तिनं उजवा हात वर केला. करंगळी सरळ, बाकीची बोटं मिटलेली. लहान मुलं कट्टी करताना दाखवतात तशी.

मी चाचांकडे पाहून हातानं खूण केली की हलू नका. ते हलले नाहीत. फक्त त्यांचा फोन वाजला आणि मला त्यांचा आवाज ऐकू आला. “हाँ मालिक. नहीं मालिक. स्टेज पे उजाला बहुत हो गया, चेहरे सफेद आ रहे थे. दो मिनट.”

ते मिनिट-दीड मिनिट मी आजवर विसरलेलो नाही. मॅचच्या वेळी तेवढ्या उशिराचं आम्हाला काहीच वाटत नसे, उलट आम्ही बघणाऱ्यांना आधीच सांगून टाकायचो की पुढच्या चेंडूला चौकार आहे. आता माइकवरून सप्तपदीची घाई सुरू होती, शेजारच्या जोड्या उठायला लागल्या होत्या, आणि ही नवरी एका हातात फोन, दुसऱ्या हाताची करंगळी हवेत, अशी बसलेली. मला एकच भीती, की चित्र अडकलं तर? आमचं चित्र नेमकं नको तेव्हा अडकायचं. मग भाऊंना काही दिसणार नाही, उत्तर येणार नाही, आणि ही धरून चालेल की सगळे खोटंच बोलत होते. लग्नाच्या दिवशी धरलेला राग मुली किती वर्षं सांभाळतात हे मी घरी पाहिलं होतं.

“हे काय सुरू आहे?” नवरदेवानं हळूच मला विचारलं.

“तुमचे साले पाहून राहिले.”

“कोठून?”

“मस्कतहून.”

त्यानं घाईघाईनं फेटा सरळ केला.

फोनमधून काहीतरी बारीक आवाज येत होता. नवरी म्हणाली, “काय फिरून राहिलं?” मला कळलं, मित्र तिला सांगतोय की पडद्यावर गोल चक्र फिरतंय. वडिलांनी टॉवेल सोडून परत बांधला.

मग ती कान देऊन ऐकत राहिली. तिचा हात हळूहळू खाली आला.

“काय म्हणते?” वडिलांनी विचारलं.

तिनं पदरानं नाक पुसलं. “म्हणते, करंगळी खाली कर, लोकं पाहून राहिले.” आणि रडतच हसली. “असंच म्हणाचा तो. शाळेत जाताना बी असंच म्हणाचा.”

फोन कानापासून न काढता ती मला म्हणाली, “पिळा आता. जोरात पिळा. त्याले तिकडं दिसलं पायजे.”

“जोरात काहून?” नवरदेव म्हणाला, पण डोकं पुढे केलं.

मी कान धरला, पिळला आणि सोडणार होतो.

“सोडू नका!” ती म्हणाली. “अजून पोचलं नाई ना त्याच्यापर्यंत.”

म्हणून मी कान धरून उभा राहिलो. एका अनोळखी माणसाचा कान, भर मैदानात, कॅमेऱ्यासमोर. शेजारच्या बाया तोंडाला पदर लावून हसत होत्या. नवरदेव म्हणाला, “सोडा ना बाप्पा, याच्यापेक्षा मागचे ते दोन सालेवाले बरे.” मी म्हणालो, थांबा, थोडंसंच. त्यानंही मग मान जराशी कॅमेऱ्याकडे वळवली, कान नीट दिसावा म्हणून. तिला चांगलं घर मिळालं असं मला तेव्हा वाटलं.

“दिसलं!” नवरी म्हणाली. “सोडा. म्हणते, सोडा आता, बिचाऱ्याले दुखत असन.”

नवरदेवानं कान चोळला. रिवाजाप्रमाणे सोबत आणलेलं शर्टाचं कापड त्यानं माझ्या हातात ठेवलं. मी म्हणालो, हे भाऊंचं आहे, ते आले की त्यांना द्या. वडिलांनी ते घेऊन काखेतल्या पिशवीत टाकलं. मग सप्तपदीसाठी सगळे उठले. फोन मात्र ती देईना. चालता चालता बोलत होती, म्हणजे तिकडे माझा मित्र भाऊंचं लिहिलेलं वाचून दाखवत होता आणि तिचं बोलणं ऐकून टाइप करत होता. मी तिच्या मागे मागे, माझ्याच फोनची वाट बघत. शेवटी बॅटरी संपली तेव्हा तिनं तो परत केला.

“त्याले सांगजा,” ती म्हणाली, “मे महिन्यात सुट्टी भेटली का आधी माह्या घरी येजो. बाबाकडं मंग.”

खोलीवर पोचायला मला संध्याकाळ झाली. मी समजून होतो की मित्रानं अक्षता पडताच मॅच लावली असेल आणि आता तो माझ्यावर भडकलेला असेल. दार उघडं होतं. तो कॉम्प्युटरसमोर बसला होता. पडद्यावर केबलवाल्याचं चॅनलच होतं. जेवणाच्या पंगती उठून गेल्या होत्या. पोरं उष्ट्या पत्रावळी गोळा करत होती. चाचा कॅमेरा सुरूच ठेवून कुठेतरी चहाला गेले असावेत, कारण चित्र जराही हलत नव्हतं.

“मॅच?” मी विचारलं.

“नाई लावली.”

“कोण जिंकलं?”

“खाली विचार घरमालकायले.” त्यानं डोळे चोळले. बघणाऱ्यांचा आकडा कोपऱ्यात दिसत होता, एक. पहिल्या पानावर त्याच्या चॅनलचं नाव कुठेही नव्हतं.

“भाऊ अजून आहेत?”

“आहेत. लिहून काही नाई राहिले. पाहून राहिले नुसते.”

मी त्याच्या शेजारी बसलो. पडद्यावर दोन माणसं मांडवाची कापडं सोडत होती. एक कोपरा सुटला, मग दुसरा. कापडामागचं मैदान दिसू लागलं, त्याच्या पलीकडे रस्ता आणि रस्त्यावरून जाणारे ऑटो. मित्रानं माउसला हात लावला नाही.